वेग आमच्या दारातून मोजा

राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी

प्रति,
सरकारी पोर्टले बांधणारे अभियंते आणि ती बांधून घेणारे अधिकारी

विषय : पोर्टल उघडायला लागणारा वेळ खेड्यातून मोजण्याबाबत आणि तो कमी करण्याबाबत

सन्माननीय बंधू-भगिनींनो,



मी राणीसावरगावात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. पीक विमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, अकरावीचा प्रवेश, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, जे जे पोर्टलवर येते ते सगळे माझ्या टेबलावरून जाते. कॉम्प्युटरचे शिक्षण झालेले असल्यामुळे पान अडकले की ते का अडकले, हे ब्राउझरमध्ये आत शिरून बघायची मला सवय आहे. तुम्ही पाठवलेली चित्रे, तुमचा कोड, त्यातल्या प्रत्येक तुकड्याला इथे पोहोचायला लागलेला वेळ, हे सगळे मला पडद्यावर दिसते. म्हणून हे पत्र लिहितो आहे. मनात राग आहे, तो लपवत नाही. पण जे मागणार आहे ते सगळे तुमच्या हातातले आहे आणि त्यातले बरेचसे फुकट होण्यासारखे आहे.

आमच्याकडे जुलैत काय चालते ते आधी सांगतो, कारण पोर्टलवरची सगळ्यात मोठी गर्दी त्याच महिन्यात होते. सोयाबीनला कोळपणी-खुरपणी चालू असते, कापसाला खत द्यायचे असते, पाऊस उघडला तर फवारणी उरकायची असते. त्याच दिवसांत पीक विम्याची मुदत संपत येते. माणूस हातातले काम टाकून केंद्रावर येतो. तांड्यावरची बाई त्या दिवसाची मजुरी सोडून येते. आधार, पासबुक, सातबारा, पेरणीचे घोषणापत्र, सगळ्याच्या झेरॉक्स काढून ओळीत बसतात आणि मग पडद्यावर गोल फिरत राहते. अर्धा तास, एक तास, कधी दुपार जाते. संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून काही जण तसेच परत जातात.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा राज्यातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पुढच्या वर्षी १५ जुलैची मुदत ३१ जुलैवर गेली. मुदतवाढीमागे कारणे अनेक असतात, हे मान्य. पण एक साधा हिशेब करून बघा. प्रत्येक अर्जामागे फक्त पाच मिनिटे पान उघडण्याची वाट बघण्यात गेली असे धरा. १ कोटी ७० लाख गुणिले पाच मिनिटे म्हणजे चौदा लाखांहून जास्त तास. आठ तासांचा दिवस धरला तर पावणेदोन लाखांहून अधिक मनुष्यदिवस, तेही ऐन खुरपणीतले. हा खर्च कुठल्याही निविदेत लिहिलेला नसतो, कुठल्याही लेखापरीक्षणात येत नाही. तो शेतकरी आणि मजूर सोसतात.

माझी पहिली तक्रार मोजमापाची आहे आणि तीच सगळ्यात मोठी आहे.

पोर्टल मंद आहे असे कळवले की तुमच्याकडून उत्तर येते, सर्व्हर चालू आहे, आमच्या बाजूने अडचण दिसत नाही. ते खोटे नसते. तुमच्या यंत्रावर सर्व्हर जिवंत दिसतो, विनंतीला तो काही मिलिसेकंदांत उत्तर देतो, महिन्याचा अहवाल हिरव्या रंगात निघतो. पण हे मोजमाप सर्व्हरच्या शेजारी उभे राहून घेतलेले आहे. मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलेला शेतकरी सगळ्यात आधी काटा बघतो. तो कुठे ठेवला आहे, कुणाच्या बाजूला झुकला आहे, हे बघितल्याशिवाय पोते उतरवू देत नाही. तुमचा काटा आमच्यापासून पाचशे किलोमीटरवर ठेवलेला आहे.

आता हे पाचशे किलोमीटर अंतर स्वतः काही अडचण नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून परभणीला तो अडीच-तीन मिलिसेकंदांत पोहोचतो. वेळ जातो तो शेवटच्या टप्प्यात, टॉवरपासून हातातल्या फोनपर्यंत. आमचा भाग बालाघाटाच्या डोंगराचा. एका माळावर रेंज असते, खालच्या वस्तीत नसते. पाऊस लागला, वीज गेली, टॉवरवर गर्दी झाली की फोनने विचारलेला प्रश्न जाऊन उत्तर परत यायला तीनशे-चारशे मिलिसेकंद लागतात. आणि पान एका फेरीत येत नाही. आधी पत्ता शोधायला एक फेरी, मग जोडणी करायला एक, मग ती सुरक्षित करायला एक, आणि त्यानंतर पानाची पहिली ओळ. पानावर बाहेरच्या चार ठिकाणांहून काही मागवलेले असले, कुठून नकाशा, कुठून अक्षरवळण, कुठून व्हिडिओ, तर प्रत्येक ठिकाणासाठी या फेऱ्या पुन्हा होतात. कार्यालयातल्या वायफायवर एक फेरी दहा-वीस मिलिसेकंदांत उरकते, त्यामुळे तुम्हाला त्या फेऱ्या जाणवतच नाहीत.

मोजायचे कसे हे जगात ठरलेले आहे आणि तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. गूगलने २०२० मध्ये ‘कोअर वेब व्हायटल्स’ या नावाने तीन मोजमापे पुढे आणली. पानावरचा सगळ्यात मोठा भाग, म्हणजे मुख्य मजकूर किंवा मुख्य चित्र, दिसायला किती वेळ लागला, हे पहिले. तो अडीच सेकंदांच्या आत दिसावा. बटण दाबल्यावर पडद्यावर काही हालचाल व्हायला किती वेळ लागला, हे दुसरे. तिथे २०० मिलिसेकंदांची मर्यादा आहे. मार्च २०२४ पासून हे मोजमाप ‘इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट’ या नव्या पद्धतीने घेतले जाते. तिसरे, वाचता वाचता पान खाली-वर उडते का, त्याचा आकडा ०.१ च्या आत हवा. आमच्या दृष्टीने हे तिसरे मोजमाप फार महत्त्वाचे आहे. माणूस ‘पुढे जा’ वर बोट ठेवायला जातो, तेवढ्यात वरून उशिरा आलेले चित्र पान खाली ढकलते आणि बोट ‘रद्द करा’ वर पडते. भरलेले सगळे जाते.

हे सगळे मोजायला पैसे लागत नाहीत. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ मध्ये पत्ता टाकला की निकाल मिळतो. पुरेशी वर्दळ असलेल्या साइटचे खऱ्या वापरकर्त्यांच्या फोनवरचे गेल्या २८ दिवसांचे आकडेही तिथे दिसतात. क्रोममधला ‘लाइटहाउस’ मंद फोरजी आणि चारपट मंद फोन कसा चालेल याचे सोंग आणून पान तपासतो. त्यात एका फेरीला १५० मिलिसेकंद आणि सेकंदाला १.६ मेगाबिट असा वेग धरलेला असतो. आमच्याकडे मुदतीच्या शेवटच्या दिवशी याहून वाईट परिस्थिती असते, पण सुरुवात म्हणून हे चालेल. नवे पान जनतेसाठी खुले करण्याआधी ही एक चाचणी सक्तीची करा आणि निकाल त्याच पानाच्या तळाशी तारखेसह लिहा.

सरासरी मात्र सांगू नका. मुंबई-पुण्याच्या फायबरवर एका सेकंदात उघडणारे पान आणि आमच्या वाडीत वीस सेकंद घेणारे पान यांची सरासरी काढली तर ती कोणाचीच खरी नसते. गूगलची वर सांगितलेली मोजमापे शंभरातल्या पंचाहत्तर भेटींना लागू व्हावीत अशी अट आहे. दुकान चालवणाऱ्याला ती पुरेल, चौथे गिऱ्हाईक गेले तर तो तेवढे नुकसान सोसेल. सरकारला चौथा नागरिक सोडता येत नाही, कारण तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. पीक विम्याचे पोर्टल एकच आहे. म्हणून माझी मागणी पंचाण्णवाव्या माणसाची आहे. शंभरातल्या पंचाण्णव जणांना किती सेकंदांत अर्ज दिसला, तो आकडा काढा आणि जिल्हावार जाहीर करा. परभणी, गडचिरोली, नंदुरबार यांचे आकडे पुण्याच्या आकड्याशेजारी छापा. पुढचे काम त्या तक्त्यातून आपोआप ठरेल.

दुसरी तक्रार वजनाची.

देवनागरीतले एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. एका सातबाऱ्यावर गाव, गट, खातेदार, क्षेत्र, पिके, फेरफार, बोजा असे सगळे मिळून तीन हजार चिन्हे धरली, तरी नऊ किलोबाइट होतात. तेच जीझिप किंवा ब्रॉटली या पद्धतींनी दाबून लहान केले तर आणखी कितीतरी कमी होतात, कारण देवनागरीच्या तीनपैकी पहिल्या दोन बाइटांत तेच ते पुन्हा पुन्हा येते आणि अशी पुनरावृत्ती दाबायला सोपी असते. आता दुसरा आकडा बघा. नवी जोडणी झाल्यावर सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण १४ किलोबाइट पाठवतो. ही मर्यादा २०१३ पासून रूढ आहे. पुढच्या फेरीत त्याच्या दुप्पट, मग चौपट, असे वाढत जाते. म्हणजे शेतकऱ्याला हवी असलेली अख्खी माहिती पहिल्याच फेरीत त्याच्या हातात पडू शकते. दोन मेगाबाइटचे पान मात्र एकही तुकडा हरवला नाही तरी सात-आठ फेऱ्या घेते. कमकुवत रेंजमध्ये तुकडे हरवतातच आणि हरवले की वेग पुन्हा खाली येतो.

‘एचटीटीपी आर्काइव्ह’ च्या नोंदींनुसार २०२४ मध्ये जगातल्या मोबाइल पानांचे मध्यम वजन सुमारे २.३ मेगाबाइट होते. म्हणजे जगच जाड झाले आहे, एकटे तुम्ही नाही. पण जगातल्या बाकीच्या पानांना जाहिराती विकायच्या असतात. तुम्हाला काहीच विकायचे नाही. तरीही मी अशी सरकारी पाने रोज उघडतो, ज्यांच्या माथ्यावर सरकती चित्रे असतात, आणि त्यातले एकेक चित्र कॅमेऱ्यातून निघाले त्याच आकारात टाकलेले असते. फोनवर ते तीन बोटांएवढे दिसते, पण उतरवायला मात्र पूर्ण उतरवावे लागते. योजनेच्या उद्घाटनाचा फोटो आधी येतो आणि योजनेचा अर्ज त्याच्या मागे रांगेत थांबतो. चित्र हवेच असेल तर ते फोनच्या आकाराचे करा, वेबपी या हलक्या प्रकारात ठेवा, खाली असेल तर गरज पडल्यावरच उतरेल अशी एका शब्दाची सूचना कोडमध्ये लिहा. ब्राउझरमध्ये २०१९ पासून ती सोय आहे. माझ्या मते अर्जाच्या पानावर एकही फोटो नसावा. कोणाचाच.

अक्षरवळणाचेही तेच. आमच्याकडच्या अँड्रॉइड फोनांत देवनागरी अक्षरे मुळातच बसवलेली असतात. तरी पान सुंदर दिसावे म्हणून वेगळे अक्षरवळण पाठवले जाते आणि देवनागरीत जोडाक्षरे पुष्कळ असल्यामुळे त्याची फाइल रोमनपेक्षा मोठी असते. ते येईपर्यंत क्रोम तीन सेकंदांपर्यंत मजकूर दाखवतच नाही. पान आलेले असते, पण कोरे दिसते. म्हातारा माणूस घाबरून मागे जातो. फोनमधलीच अक्षरे आधी दाखवा, तुमची आली की बदला, अशी सूचना देता येते. तीही एका ओळीची आहे.

ब्रिटनमध्ये ‘गव्हडॉटयूके’ हे सरकारी संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी २०२२ मध्ये जेक्वेरी नावाची जुनी कोडची पेटी आपल्या पानांतून काढून टाकली. वाचले किती, तर ३२ किलोबाइट. तेवढ्यासाठी त्यांनी आधी मोजले, काढले, पुन्हा मोजले आणि काय फरक पडला ते जाहीरपणे लिहिले. साध्या फोनवाल्यांना आणि मंद नेटवाल्यांना फायदा व्हावा, हा त्यांचा हेतू होता. ब्रिटनचे नेट आमच्यापेक्षा बरे आहे. तरीही ३२ किलोबाइटची काळजी त्यांना वाटते, याचा विचार व्हावा.

तिसरे गाऱ्हाणे शेवटच्या तारखेचे.

गर्दी कधी होणार हे आम्हाला माहीत असते, तुम्हालाही असते, कारण तारीख तुम्हीच जाहीर करता. २०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने झाले. २१ मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी पोर्टल अडकले आणि नोंदणी २६ मेपासून घ्यावी लागली. दहावीला किती मुले उत्तीर्ण झाली, हे मंडळाने त्याआधीच जाहीर केलेले होते. मुले किती येणार हा अंदाजाचा विषयच नव्हता. २८ एप्रिल २०२१ ला अठरा वर्षांवरच्यांसाठी कोविड लसीकरणाचे कोविन पोर्टल खुले झाले, तेव्हाही सुरुवातीला लोकांना आत शिरता येईना, पण ते सावरले आणि त्या एका दिवसात एक कोटीहून जास्त लोकांची नोंदणी झाली. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले, त्या पहिल्या दिवशी त्यावर फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. म्हणजे पैसा आणि तंत्रज्ञान असूनही हे होते. होते ते बहुतेक वेळा खऱ्या गर्दीएवढे ओझे टाकून आधी न तपासल्यामुळे.

रेल्वेने २०१४ मध्ये ऑनलाइन तिकिटांची नवी यंत्रणा आणली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० तिकिटांपर्यंत क्षमता नेल्याचे सांगितले होते. मला तो आकडा आवडला, कारण तो कोणालाही कळतो. तुमच्या पोर्टलवर मिनिटाला किती अर्ज पूर्ण होतील, तो आकडा मुदत सुरू होण्याआधी सांगा. मग आम्हीच भागाकार करू आणि लोकांना तालुकावार दिवस वाटून द्या असे सुचवू.

पान मंद झाले की गर्दी स्वतःहून वाढते, याकडे विशेष लक्ष वेधतो. अडकलेला माणूस रिफ्रेश करतो. केंद्रावर तीन-चार ब्राउझर उघडले जातात, एका अर्जदाराच्या नावावर चार विनंत्या सर्व्हरकडे जातात, सर्व्हर आणखी दमतो, आणखी लोक रिफ्रेश करतात. यावर उपाय रांगेचा आहे. आत जागा नसेल तर माणसाला एका हलक्या, साध्या पानावर थांबवा, त्याचा क्रमांक दाखवा, अंदाजे किती वेळ लागेल ते सांगा. तुमच्यापुढे चार हजार जण आहेत, दोन तासांनी या, असे कळले तरी बाई घरी जाऊन स्वयंपाक उरकून येईल. गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसणे तिला परवडत नाही.

आणि जे बदलत नाही ते पुन्हा पुन्हा सर्व्हरला विचारायला लावू नका. दहावीचा निकाल एकदा लागला की त्यातले अक्षर बदलत नाही. दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुले बसतात. एकेका निकालाची दोन किलोबाइटची तयार फाइल केली, तर सगळ्या राज्याचा निकाल तीन-साडेतीन गिगाबाइटमध्ये बसतो. तेवढा पेन ड्राइव्ह मुलांच्या खिशात असतो. तो निकाल आदल्या रात्री ठिकठिकाणच्या साठवण-सर्व्हरवर ठेवून दिला, तर दुपारी एक वाजता निकाल खुला होताना डेटाबेसवर कोसळण्यासारखे काही उरत नाही. गावांची यादी, पिकांची यादी, बँकांची यादी, योजनेची माहिती, हे सगळे याच जातीचे आहे. तरी जिल्हा निवडला की तालुक्यांसाठी सर्व्हरकडे फेरी, तालुका निवडला की गावांसाठी फेरी, आणि मधली एक फेरी चुकली की पुन्हा जिल्ह्यापासून. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. ते नऊ शब्द पानाबरोबर आधीच पाठवता येत नाहीत का?

यातूनच चौथी गोष्ट निघते, आणि वेगापेक्षाही ती लोकांच्या जिवाला जास्त लागते. अर्धा भरलेला अर्ज राहत नाही. नाव, आधार, खाते, गट क्रमांक, क्षेत्र असे सगळे भरत नेतो, कागदपत्रे चढवायला लागतो, त्यातले एक अडकते आणि पडद्यावर येते की सत्र संपले, पुन्हा लॉगिन करा. सुरक्षेसाठी सत्राला मर्यादा लागते हे मी समजतो. पण ती मर्यादा वेगवान नेटवर अर्ज भरणाऱ्या माणसाच्या वेळेवरून ठरवलेली आहे. मंद नेटवर तीच मर्यादा संपेपर्यंत आम्ही तिसऱ्या कागदाशी असतो. ओटीपीचेही तसेच. तो मुदतीत येतच नाही, मग दुसरा मागवतो, तेवढ्यात पहिला येऊन पोहोचतो आणि चुकीचा टाकला जातो. तीन वेळा चुकला की दिवसभरासाठी कुलूप.

प्रत्येक टप्प्याला मसुदा जपून ठेवा. फोनमध्येच जपता येतो, त्यासाठी सर्व्हरकडे जायचीही गरज नाही. चढवलेला कागद मध्येच तुटला तर तुटल्या जागेपासून पुढे चढू द्या. कागदाचा फोटो फोनवरच लहान करून मग पाठवा. ‘फाइल २०० केबीपेक्षा मोठी आहे’ असा लाल इशारा देऊन आम्हाला झेरॉक्सच्या दुकानात पाठवू नका, ते काम ब्राउझर क्षणात करतो. आणि अर्ज गेला की नाही हे एका वाक्यात, मराठीत, स्पष्ट सांगा. ‘समथिंग वेंट राँग’ वाचून माणूस काय समजणार? गेला असेल या आशेवर तो घरी जातो आणि पुढे नुकसानभरपाईच्या वेळी त्याला कळते की अर्जच नव्हता.

ज्यांची घरी जाऊन पुन्हा येण्याची सोयच नाही, त्यांच्याबद्दल थोडे सांगतो. गंगाखेड तालुक्यातून दरवर्षी पुष्कळ लोक ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. लाडक्या बहिणींची ई-केवायसी २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली, मुदत आधी १८ नोव्हेंबरची होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे मुदतवाढीचा सगळा काळ या बायका फडावर होत्या. पहाटे कोयता हातात घ्यायचा, रात्री मोळ्या बांधून ट्रॉली भरायची. नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार ओटीपी त्यांच्या फोनवर, फोन भलत्याच शिवारात, चार्जिंग नाही. अशा बाईला पान उघडायला दहा मिनिटे लागत असतील तर ती ते करूच शकत नाही. तिच्यासाठी पानाचा वेग हाच तिचा हप्ता आहे. हे तुम्ही मनावर घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता अधिकाऱ्यांना थेट दोन गोष्टी सांगायच्या आहेत. अभियंत्यांना मी दोष देतो तेव्हा मला ठाऊक असते की निविदेत जे लिहिले नाही ते कोणी करत नाही. पोर्टलच्या कंत्राटात पाने किती, अहवाल किती, भाषा किती, सर्व्हर किती टक्के वेळ चालू, हे असते. त्यात आणखी तीन ओळी घाला. अर्जाचे पहिले पान किती किलोबाइटच्या आत असेल. साध्या फोनवर, मंद फोरजीवर ते किती सेकंदांत दिसेल. शेवटच्या तारखेच्या गर्दीएवढे ओझे टाकून तपासल्याचा अहवाल कधी मिळेल. शेवटचा हप्ता या तीन ओळींवर अडवून धरा. रस्त्याच्या कामाची जाडी खोदून तपासता येते, तशी ही जाडीही तपासता येते, आणि तीही कुदळीशिवाय.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने आम्हाला ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला. दाखला वेळेत मिळाला नाही तर अपील आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. चांगला कायदा आहे आणि त्याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. पण मुदतीचे घड्याळ परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. अर्ज दाखलच होऊ न शकलेले दिवस त्यात कुठेच मोजले जात नाहीत. पोर्टल बंद होते याची पावती आम्हाला मिळत नाही, म्हणून अपिलात जोडायला कागद नसतो. माझी मागणी अशी की लॉगिन झाल्यानंतर अर्ज अपयशी ठरला तर त्या प्रयत्नाचा क्रमांक, तारीख आणि वेळ आपोआप अर्जदाराला एसएमएसने जावी. आणि मुदत संपण्याआधीचा असा एक जरी प्रयत्न नोंदलेला असेल, तर त्या माणसाला मुदतवाढीच्या सरकारी निर्णयाची वाट न बघता अर्ज पूर्ण करू द्यावा. तुमच्या सर्व्हरवर या नोंदी आजही होतात. त्या आमच्या बाजूने वापरल्या जाव्यात एवढेच मागतो.

माझ्याकडे जुने, दोन-तीन जीबी रॅमचे, काच तडकलेले पण चालणारे फोन आहेत. आमच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांची रेंज कुठे मिळते आणि कुठे मिळत नाही, ती ठिकाणे मला पाठ आहेत. पुढच्या खरिपाचे पोर्टल खुले होण्याआधी, मे महिन्यात, तुमच्यातल्या दोघा-तिघांनी राणीसावरगावला यावे. माळावर, वस्तीत आणि तांड्यावर बसून आपण अर्ज शेवटपर्यंत भरून बघू. घड्याळ लावू आणि जे आकडे येतील ते तुमच्या वहीत लिहून देऊ. येणे जमत नसेल तर चाचणीचा पत्ता पाठवा. आम्ही इथून मोजून कळवतो. केंद्रावरची मुले तयार आहेत, मी त्यांना ब्राउझरमधून वेळ कसा वाचायचा ते शिकवले आहे.

उत्तराची वाट बघतो.

आपला,
राणीसावरगावातला एक केंद्रचालक